दारू सोडायचीय, जवळची मीटिंग कुठे मिळेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यातले निम्मे प्रश्न पिणारा माणूस विचारतच नाही. त्याची बायको विचारते, बहीण विचारते, कधी कॉलेजात जाणारा मुलगा. पिणाऱ्याचा फोन आला तर तो रात्री उशिरा येतो, आणि त्याला बाकी काही नको असतं, "कुठे जाऊ?" एवढंच. म्हणून सुरुवात पत्त्यापासून. इथे मुख्यतः अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए.ए.च्या मीटिंगांबद्दल लिहिलं आहे. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा, अशी ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, १९५७ पासून भारतात आहे, आणि महाराष्ट्रात-गोव्यात शहरापासून तालुक्यापर्यंत तिचे ग्रुप आहेत.

माझ्या भागातली मीटिंग कशी शोधू?

फोन करून. यादी वाचून नव्हे, हे मुद्दाम आधी सांगतो.

ए.ए.चं भारतातलं जनरल सर्व्हिस ऑफिस मुंबईत आहे. त्याच्या संकेतस्थळावर वेगवेगळ्या शहरांचे हेल्पलाइन क्रमांक मिळतात. तो फोन उचलणारा बहुतेकदा स्वतः कधीकाळी बुडालेला आणि आता न पिणारा सभासद असतो. त्याच्यापुढे प्रस्तावना नको. "मी कुर्ल्याला राहतो, कामावरून आठला सुटतो, हिंदी-मराठी समजतं" असं सरळ सांगा. तो वार, वेळ, खोली सांगेल. "मला एकट्याला यायची भीती वाटते" म्हणालात तर बऱ्याचदा कोणीतरी स्टेशनवर नाहीतर नाक्यावर घ्यायला येतं. संकोच करू नका. नव्या माणसाला हात देणं हा त्यांच्या स्वतःच्या न पिण्याचाच भाग असतो. तुमच्यावर उपकार केल्याची भावना त्यांच्या मनात नसते.

दुसरी वाट जिल्हा रुग्णालयाची. सिव्हिलमधल्या मानसोपचार विभागाच्या ओपीडीत जा आणि डॉक्टरांइतकंच तिथल्या समाजसेवकालाही विचारा. आसपास कुठे ग्रुप भरतो हे त्याला माहीत असण्याची शक्यता जास्त. तिसरी वाट, केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६. हा क्रमांक टोल-फ्री आहे. मन फार खचलं असेल, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर टेलि-मानसचा १४४१६ लावा. तिथे मराठीतही बोलता येतं.

मुंबई, वसई, गोवा या भागांत चर्चच्या आवारातल्या हॉलमध्ये पुष्कळ मीटिंगा भरतात. महापालिकेच्या शाळांच्या वर्गातही भरतात. चर्चमध्ये भरते म्हणून ती ख्रिस्ती लोकांची होत नाही. स्वस्तात किंवा फुकट जागा मिळाली, एवढाच त्याचा अर्थ.

गूगलवर "व्यसनमुक्ती" टाकलं तर खासगी केंद्रांचीच नावं येतात. त्यातलं ए.ए. कोणतं?

कोणतंच नाही, असं बऱ्याचदा होतं. वरच्या दोन-चार जाहिराती निवासी केंद्रांच्या असतात. ए.ए. जाहिरात देत नाही, भरती करून घेत नाही, फी घेत नाही आणि घरी गाडी पाठवून माणूस उचलून नेत नाही. पलीकडून पहिला प्रश्न "पेशंटचं वजन किती, विरोध करतो का?" असा आला तर फोन ठेवून द्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ दारूच्या व्यसनातून आलेल्या मानसिक आजारालाही लागू होतो, आणि त्यात रुग्णाला क्रूर, अमानुष वागणुकीपासून संरक्षणाचा हक्क दिलेला आहे. बांधून ठेवणं, मारणं याला कोणी "शिस्त" म्हणत असेल तर ते उपचार नव्हेत.

चांगली केंद्रंही आहेत, त्यांच्याबद्दल पुढे येईल.

पत्ता मिळाला, गेलो, तर खोलीला कुलूप!

हे होतं, आणि फार वाईट वेळी होतं. माणूस कसाबसा मनाची तयारी करून पोचतो, दाराला कुलूप बघतो आणि परतताना बार लागतोच. ग्रुपची जागा शाळेची नाहीतर संस्थेची असते. परीक्षा, निवडणूक, गणपती, काहीही निघालं की मीटिंग दुसरीकडे हलते, आणि ही बातमी संकेतस्थळापर्यंत लवकर पोचत नाही. म्हणून त्याच दिवशी दुपारी फोन करून खात्री करा, आणि जवळच्या दुसऱ्या ग्रुपचा वारही विचारून ठेवा. खिशात दोन पत्ते असले की एक कुलूप लागलं तरी संध्याकाळ वाया जात नाही.

आधी दारू सोडून मग जायचं, की पीत असतानाच गेलेलं चालतं?

चालतं. सभासद होण्याची एकच अट आहे: दारू थांबवण्याची इच्छा. थांबवलेली असण्याची अट नाही. थोडी पोटात असेल तरी या, मागच्या बाकावर बसा, ऐका. त्या दिवशी बोलू नका, असं कदाचित सांगतील. गोंधळ घातलात तर बाहेर नेतील, आणि बाहेर नेणारा माणूस बहुधा तुमच्याशी बोलत तिथेच उभा राहील.

मग उद्यापासून एकदम बंद करतो. ठीक ना?

थांबा. सगळ्यात कमी विचारला जाणारा आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे.

रोज पिणाऱ्या, विशेषतः सकाळी हात थरथरतात म्हणून "उतारा" घेणाऱ्या माणसाने दारू एका फटक्यात तोडली तर जिवावर बेतू शकतं. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ, छातीत धडधड सुरू होते आणि झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं दिसतात, दिवस-रात्र कळत नाही, ताप चढतो. घरचे याला कधी वेड समजतात, कधी बाहेरचं काही लागलं समजतात. मग अंगारा आणि देवऋषी यात मोलाचे तास जातात. ही वैद्यकीय आणीबाणी आहे. १०८ ला फोन करा.

म्हणून रोजचं पिणं असेल तर मीटिंगच्या आधी किंवा बरोबरीने डॉक्टर. पाच-सात दिवस हळूहळू कमी करत नेण्याच्या गोळ्या आणि बी-१, म्हणजे थायमिन, एवढ्यावर पुष्कळांचं निभतं. काहींना दाखल व्हावं लागतं. आधी कधी दारू तोडताना फिट आली असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी ते सांगा. किती पितो हेही खरं सांगा. "कधीमधी, कंपनी म्हणून" असं सांगून औषधाचा डोस ठरला तर तो चुकीचाच ठरणार.

ए.ए. स्वतः औषध देत नाही आणि औषधाविरुद्ध सल्लाही देत नाही. एखादा उत्साही जुना सभासद "गोळ्या म्हणजेही नशाच" म्हणाला तर ते त्याचं वैयक्तिक मत समजा आणि तुमच्या डॉक्टरांचं ऐका.

पहिल्या दिवशी नेमकं काय होतं? मला उभं करून बोलायला लावतील का?

नाही. साधी खोली, खुर्च्या नाहीतर शाळेची बाकं, पुढे एक टेबल, भिंतीवर बारा पायऱ्या (दारूपासून दूर राहण्याचा ए.ए.चा मार्ग) आणि बारा परंपरा (ग्रुप कसा चालवायचा याची तत्त्वं) यांचे फलक. तास-दीड तास. एकजण मीटिंग चालवतो, पण तो अध्यक्ष नसतो. आज तो, पुढच्या वेळी दुसरा. मग एकेक जण आपलं सांगतो. त्याला तिथे "शेअरिंग" म्हणतात. नाव, "मी अल्कोहोलिक आहे" आणि मग गोष्ट: पगाराच्या दिवशी काय व्हायचं, मुलीच्या शाळेच्या संमेलनात काय झालं, शेवटची बाटली कोणत्या ठिकाणी प्यायली. कोणी मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही, "असं कसं केलंस?" म्हणत नाही. नव्या माणसाला विचारतात, "काही बोलायचंय?" मान हलवून नाही म्हणालात तरी पुढे जातात.

लोक हसतात, हे बघून नवा माणूस चक्रावतो. गटारात पडल्याची गोष्ट सांगणाराच हसत असतो आणि ऐकणारेही. इतरांनी आपल्यावर हसण्याची ज्यांना सवय झालेली असते, त्यांना हे हसणं वेगळं आहे हे कळायला एखादी मीटिंग जाते.

शेवटी सगळे उभे राहून प्रार्थना म्हणतात, चहा होतो. कोणाच्या न पिण्याला वर्ष झालं असेल तर केक कापतात आणि त्याला "वाढदिवस" म्हणतात. घरी जाण्याआधी दोन-तीन फोन नंबर घ्या. पहिल्या आठवड्यात रात्री नऊ वाजता त्यांचा उपयोग होतो.

ओपन आणि क्लोज मीटिंग म्हणजे काय?

ओपनला कोणीही बसू शकतं: बायको, आई, डॉक्टर, विद्यार्थी. क्लोज फक्त ज्याला स्वतःची दारू थांबवायची आहे त्याच्यासाठी. घरच्यांना बरोबर न्यायचं असेल तर फोनवर तेवढं विचारून घ्या.

तिथे ओळखीचं कोणी भेटलं तर?

भेटलंच तर तोही त्याच कारणाने आलेला असेल. हे उत्तर सगळे देतात आणि ते खरंच आहे, पण छोट्या गावातल्या शिक्षकाचं किंवा पोलिसाचं एवढ्याने समाधान होत नाही, हेही मला माहीत आहे. नियम असा: खोलीत कोण होतं आणि काय बोललं, हे बाहेर जात नाही. आडनाव, पत्ता, नोकरी कोणी विचारत नाही, हजेरीपट नसतो. तरीही धाकधूक वाटत असेल तर पहिले काही महिने शेजारच्या गावातल्या मीटिंगला जा. सांगलीचा माणूस मिरजेला, साताऱ्याचा कराडला, असं करणारे आहेत आणि त्यात गैर काही नाही.

एक मात्र लक्षात घ्या. आपण पितो हे गुपित आहे असं पिणाऱ्यालाच वाटत असतं. गल्लीला ते कधीचंच ठाऊक असतं.

पैसे किती लागतात?

शून्य. शेवटी एक डबा किंवा थैली फिरते. सभासद त्यात दहा-वीस रुपये टाकतात, त्यातून भाडं आणि चहा भागतो. पहिल्यांदा आलेल्याने काही टाकलं नाही तरी चालतं. बाहेरच्यांकडून ए.ए. देणगी घेत नाही. आमदारांनी देऊ केली तरी नाही.

हे देवाधर्माचं आहे का? मी देव मानत नाही.

बारा पायऱ्यांत "ईश्वर" येतो, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यापुढे "आपल्याला जसा समजेल तसा" हे शब्दही येतात. कोणी त्या जागी विठ्ठल ठेवतो, कोणी निसर्ग, कोणी समोर बसलेला ग्रुप. नास्तिक सभासद वर्षानुवर्षं आहेत. पण काही ग्रुपमध्ये प्रार्थनेचा सूर फार वर लागतो, आणि तो सहन होत नसेल तर दुसरा ग्रुप बघा. एकाच शहरातल्या दोन ग्रुपांचा स्वभाव किती वेगळा असतो हे गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून पहिल्या मीटिंगवरून निकाल देऊ नका, पाच-सहा ठिकाणी बसून बघा.

मी श्रावण पाळतो. महिनाभर थेंबही घेत नाही. म्हणजे मी व्यसनी नाहीच ना?

श्रावण पाळणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी दोन गोष्टी विचारतो. गटारीला किती झाली? आणि श्रावण संपल्याच्या पहिल्या संध्याकाळी किती झाली? महिनाभर दिवस मोजत काढणं आणि दारूवाचून सहज राहणं यात फरक आहे, आणि तो ज्याचा त्याला आतून कळतो. गळ्यात माळ घालून सुटलेली माणसंही आपल्याकडे आहेत. त्यांचा मी मान राखतो. माळ घातली, काढली, पुन्हा घातली असं ज्याचं झालं असेल त्याने एकदा मीटिंगला बसावं. तुम्ही व्यसनी आहात की नाही हे तिथे कोणी ठरवत नाही. बाकीच्यांचं ऐकून तुमचं तुम्हीच ठरवता.

नवरा मीटिंगचं नाव काढलं की भांडतो. मी काय करू?

तुम्ही स्वतः जा. ए.ए.ला नाही, अल-अनॉनला. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीची ही वेगळी संघटना १९५१ पासून आहे. किशोरवयीन मुलांसाठी तिचीच अलाटीन शाखा आहे. पुण्यात मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी "सहचरी" गट चालतो. तिथे नवऱ्याला कसं सुधारावं हे शिकवत नाहीत, आणि बऱ्याच जणी पहिल्या दिवशी यावरच नाराज होतात. तिथे शिकायचं ते असं: त्याच्या साहेबांना "ताप आलाय" असा फोन आपण का करतो, बारमधली उधारी आपण का फेडतो, त्याने काल रात्री केलेली घाण सकाळी त्याला दिसायच्या आत आपण का पुसतो. हे थांबल्यावर पिणाऱ्याला आपल्या पिण्याचा हिशोब पहिल्यांदा स्वतः द्यावा लागतो. एवढ्याने तो सुधारेलच असं नाही. तुमची झोप, मुलांचा अभ्यास आणि घरखर्च मात्र त्याच्या बाटलीवर अवलंबून राहायचं कमी होतं.

मारहाण होत असेल तर आधी सुरक्षित जागा, मग बाकी सगळं. ११२ लावा.

आणि एक कळकळीची विनंती. "न कळत दारू सोडवा" म्हणून मिळणारी पावडर किंवा गोळी भाजीत कालवू नका. त्यात डायसल्फिरम असेल आणि तो वर प्यायला, तर चेहरा लालभडक होणं, उलट्या, धडधड इथपासून रक्तदाब कोसळण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. हे औषध चांगलं आहे, पण घेणाऱ्याला माहीत असेल आणि डॉक्टरांची देखरेख असेल तरच.

मी बाई आहे. सगळ्या पुरुषांत कशी जाऊ?

अडचण खरी आहे. बहुतेक ग्रुपमध्ये पुरुषच जास्त असतात, आणि पिणाऱ्या बाईबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं ते पुरुषाच्या वाट्याला येत नाही. हेल्पलाइनवर "महिला सभासदाशी बोलायचंय" असं मागा. मोठ्या शहरांत फक्त महिलांच्या मीटिंगा आहेत, ऑनलाइनही आहेत. पहिल्यांदा एखाद्या महिला सभासदाबरोबरच जा. मीटिंगनंतर एखादा पुरुष सभासद फारच आपुलकी दाखवू लागला तर त्याला नंबर देण्याचं कसलंही बंधन तुमच्यावर नाही.

केंद्रात भरती होऊन आलो. आता मीटिंग कशाला?

केंद्रात दारू मिळत नाही म्हणून न पिणं सोपं असतं. घरी परतल्यावर तोच नाका, तोच पगाराचा दिवस, हळदीला तीच मंडळी. चांगली केंद्रं हे ओळखून असतात. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये बाहेर पडलेल्यांचा पाठपुरावा हा उपचाराचाच भाग मानतात. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्यातून सुरू केलेलं कृपा फाउंडेशनही बारा पायऱ्यांच्या वाटेने काम करतं. गडचिरोलीत मुक्तिपथची तालुक्याच्या ठिकाणी क्लिनिकं आहेत. तुम्ही जिथून बाहेर पडलात तिथेच विचारा, "माझ्या गावाजवळ तुमचा फॉलोअप-गट आहे का?" असेल तर तो आणि ए.ए. दोन्ही करा.

याने खरंच फरक पडतो, की नुसत्या गप्पा?

२०२० मध्ये कॉक्रेन या, वैद्यकीय अभ्यास एकत्र करून पडताळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसांची माहिती एकत्र तपासली. ए.ए. आणि त्यात माणसाला पद्धतशीरपणे जोडून देणारे उपचार घेतलेल्यांपैकी वर्षभरानंतर सुमारे ४२ टक्के लोक दारूपासून पूर्ण दूर होते. इतर मान्य मानसोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के. म्हणजे फरक पडतो, पण जादू नाही. आपल्याकडची अडचण त्याच्याही आधीची आहे. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठलातरी उपचार मिळाल्याचं दिसलं. उरलेले ३७ दारापर्यंत पोचतच नाहीत.

ऑनलाइन मीटिंग चालते का? मी दुबईत, जर्मनीत, न्यू जर्सीत आहे.

चालते. करोनाच्या काळात वाढलेल्या ऑनलाइन मीटिंगांपैकी कितीतरी अजून सुरू आहेत. मराठी आणि हिंदी मीटिंगांचे दुवे भारतातल्या हेल्पलाइनवर मागा. अमेरिकेत ए.ए.चं "मीटिंग गाइड" हे अ‍ॅप जवळची खोली दाखवतं. दूरच्या माणसाला, पायाने अधू असलेल्याला, रात्रपाळीवाल्याला ऑनलाइनचा मोठा आधार आहे. पण जवळ खोली असताना कॅमेरा बंद करून ऐकत राहणं, आणि हातात ग्लास असणं, हे सहज जमून जातं. शक्य तेव्हा प्रत्यक्ष जा.

तीन महिने कोरडा होतो. काल प्यायलो. आता कोणत्या तोंडाने जाऊ?

त्याच तोंडाने, आणि आजच. याला तिथे "स्लिप" म्हणतात आणि समोर बसलेल्यांपैकी अनेकांची झालेली असते. हात वर करून सांगा. कोणी हाकलत नाही. आठवडाभर पीत राहिला असाल तर मात्र वरचा डॉक्टरांचा मजकूर पुन्हा वाचा, कारण तोडतानाचा त्रास दर वेळी वाढत जाऊ शकतो. नेहमी आधार देणारा एक जुना सभासद, म्हणजे स्पॉन्सर, अजून घेतला नसेल तर ही वेळ आहे. ज्याचं न पिणं जुनं आहे आणि ज्याला तुम्ही रात्री उठवू शकाल, असा निवडा. शक्यतो पुरुषाने पुरुष, बाईने बाई.

पन्नास किलोमीटरमध्ये ग्रुपच नाही. आम्ही सुरू करू शकतो का?

करू शकता. परवानगी लागत नाही, नोंदणी लागत नाही. दारू थांबवू पाहणारे दोन-तीन जण, आठवड्यातला एक ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि न बदलणारी जागा पुरे. शाळेचे मुख्याध्यापक, ग्रामपंचायत, प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्याकडे खोली मागा. भाडं नाममात्र का होईना, द्या. जवळच्या शहरातल्या ग्रुपला आधी कळवलंत तर सुरुवातीच्या काही आठवड्यांत त्यांचे जुने सभासद येऊन बसतात आणि मराठी पुस्तिका, फलक देतात. पहिले काही महिने दोघंच असाल. तरी वार चुकवू नका, कारण तिसरा माणूस नेमका त्या दिवशी येऊन कुलूप बघून जाईल. आणि जनरल सर्व्हिस ऑफिसला ग्रुपचं नाव, जागा, वेळ आणि एक चालू फोन नंबर कळवा. नंबर बदलला तर तोही.